सामूहिक दाव्यांचा वकील : मायकेल हाउसफेल्ड यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९९८ मध्ये स्विस बँकांनी नाझी छळाला बळी पडलेल्यांच्या दाव्यांपोटी १.२५ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. पुढच्याच वर्षी जीवनसत्त्वे बनवणाऱ्या जगातील बड्या कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवल्याबद्दल अमेरिकेतील खरेदीदारांना एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई देऊ केली. या दोन तडजोडींचा एकमेकींशी वरवर काही संबंध दिसत नाही. पण दोन्हीकडे वादींच्या वकिलांमध्ये वॉशिंग्टनचे मायकेल हाउसफेल्ड होते आणि दोन्हीकडे वापरलेले हत्यार सामूहिक दाव्याचे, म्हणजे ‘क्लास अ‍ॅक्शन’चेच होते. मक्तेदारीविरोधी कायदा आणि मानवी हक्क या दोन टोकांच्या क्षेत्रांत एकाच वकिलाची कारकीर्द कशी घडली, हे समजून घ्यायचे तर आधी अमेरिकी कायद्याची घडण पाहावी लागते.

१८९० च्या शर्मन कायद्याने भाव ठरवण्यासाठी होणारे साटेलोटे गुन्हा ठरवले आणि त्याच वेळी नुकसान सोसणाऱ्याला तिप्पट भरपाई मागण्याचा हक्कही दिला. मात्र ज्याचे नुकसान काही डॉलरचेच आहे, असा माणूस तिप्पट मिळणार म्हणूनही कोर्टाची पायरी चढत नाही. १९६६ साली संघराज्याच्या दिवाणी प्रक्रियेतील नियम २३ सुधारला गेला, तेव्हा हे चित्र पालटले. एकसारखे नुकसान झालेल्या सर्वांच्या वतीने एक-दोघांनी दावा लावायचा आणि जो स्वतःहून बाहेर पडत नाही तो प्रत्येक जण त्या दाव्यात आहे असे धरायचे, ही नव्या नियमाची रचना होती. दावा जिंकला तरच वकिलाला फी मिळते आणि हरणाऱ्याला सहसा समोरच्याचा वकीलखर्च भरावा लागत नाही, ही अमेरिकी रीत जोडीला असल्याने सामूहिक दावे चालवणे हा एक स्वतंत्र व्यवसायच होऊन बसला. या व्यवसायाला नफेखोरी म्हणणाऱ्यांची तिथे आजही वाण नाही, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे असेही नाही.

दुसरे मूळ त्याहून जुने आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करणाऱ्या कृत्याबद्दल परकीय व्यक्तीला अमेरिकी न्यायालयात भरपाई मागता येईल, असे एक वाक्य १७८९ च्या कायद्यात आहे. सुमारे दोन शतके ते जवळजवळ निरुपयोगीच पडून होते. पॅराग्वेमध्ये एका तरुणाचा छळ करून जीव घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध त्याच्या कुटुंबाने लावलेला दावा न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९८० साली ग्राह्य धरला आणि या वाक्यात नव्याने जीव आला.

हाउसफेल्ड यांनी १९६९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. पुढे ते जेरी कोहेन यांच्यासोबत काम करू लागले. कोहेन हे सिनेटच्या मक्तेदारीविषयक उपसमितीचे माजी मुख्य वकील, त्यामुळे कार्टेलचे, म्हणजे भाव ठरवण्यासाठी संगनमत करणाऱ्या कंपन्यांच्या गटांविरुद्धचे, काम या जोडीकडे ओघानेच आले. पण हाउसफेल्ड यांचे सुरुवातीचे एक महत्त्वाचे वकीलपत्र वेगळ्याच प्रकारचे होते. अमेरिकी न्याय खात्यातील एका महिला कर्मचाऱ्याने वरिष्ठाची लगट झिडकारल्यावर तिला नोकरी गमवावी लागली होती. १९७६ साली वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने हा लिंगभेदच आहे असे ठरवले आणि नोकरीतील लैंगिक छळाविरुद्धच्या अमेरिकी कायद्याचा पाया ज्या निकालांनी घातला त्यांत या निकालाची गणना होऊ लागली. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हॅल्डेझ जहाजातून तेल सांडले, तेव्हा त्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांची बाजू मांडली. मासे आणि शिकार गेल्याची भरपाई मिळाली. पण जगण्याची रीतच मोडली, या नुकसानीला न्यायालयाने वेगळे मोल दिले नाही.

टेक्साको या तेल कंपनीच्या १९९६ च्या प्रकरणाने एक नवी गोष्ट दाखवून दिली. कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचा बढतीतील भेदभावाविरुद्धचा दावा दोन वर्षे रखडला होता. वरिष्ठ अधिकारी कागदपत्रे नष्ट करण्याच्या गोष्टी बोलत असल्याचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रात आले आणि अवघ्या अकरा दिवसांत कंपनीने १७.६ कोटी डॉलरची तडजोड केली. न्यायाधीशाने निकाल देण्याची वेळच आली नाही.

स्विस बँकांच्या बाबतीत हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. युद्धापूर्वी ज्यू कुटुंबांनी तिथे ठेवलेल्या पैशांची चौकशी करायला वारस गेले की बँका मृत्यूचा दाखला मागत. ऑशविट्झमध्ये मेलेल्यांचे दाखले कोण देणार होते? १९९६ च्या ऑक्टोबरपासून ब्रुकलिनच्या न्यायालयात दावे दाखल होऊ लागले. पुढच्या जानेवारीत झुरिकमधील एका बँकेच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला जुनी दप्तरे फाडण्यासाठी काढून ठेवलेली दिसली आणि त्याने ती बाहेर काढली. सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, न्यूयॉर्क शहर व राज्याने बहिष्काराची धमकी दिली. न्यायाधीश एडवर्ड कॉरमन यांनी दावा फेटाळण्याच्या बँकांच्या अर्जावर शेवटपर्यंत निर्णयच दिला नाही. उलट दोन्ही बाजूंना ब्रुकलिनमधल्या एका जुन्या उपाहारगृहात जेवायला बसवले आणि तडजोडीचा आकडा जुळवून आणला. हाउसफेल्ड यांनी या कामाची फी घेतली नाही.

जर्मन कंपन्यांनी युद्धकाळात ज्यांना वेठीला धरले त्यांचे दावे न्यायालयात टिकले नाहीत. फोर्डच्या कोलोन येथील कारखान्यात राबवल्या गेलेल्या एका महिलेचा दावा न्यू जर्सीच्या न्यायालयाने १९९९ मध्ये मुदतबाह्य ठरवून फेटाळला. तरीही सरकारांच्या वाटाघाटींतून २००० साली १० अब्ज मार्कांचा निधी उभा राहिला. त्यातून सोळा लाखांहून अधिक लोकांना रक्कम मिळाली; छळछावणीतल्या गुलामांना प्रत्येकी १५ हजार मार्कांपर्यंत आणि इतर सक्तीच्या मजुरांना ५ हजार मार्कांपर्यंत. हा विजय न्यायालयाचा म्हणावा की राजकारणाचा, यावर मतभेद आहेत. माझ्या मते दाव्याविना राजकारण हलले नसते, पण नुसत्या दाव्याने काही हाती लागले नसते.

जीवनसत्त्वांच्या कार्टेलचे तसे नव्हते. तिथे पुरावा आकड्यांचा होता. हॉफमन-ला रोश, बीएएसएफ आणि इतर कंपन्यांचे अधिकारी १९९० पासून नियमित भेटत, जगाच्या मागणीचा अंदाज बांधत आणि कोणी किती टन विकायचे याचे ‘बजेट’ ठरवत. ठरल्यापेक्षा जास्त विकणाऱ्याने मागे पडलेल्याकडून माल घेऊन हिशेब जुळवायचा. पशुखाद्य, पाव, दूध यांत मिसळली जाणारी ही जीवनसत्त्वे असल्याने जादा भावाचा भार कोट्यवधी घरांवर पडला. पण १९७७ च्या इलिनॉय ब्रिक निकालानुसार संघराज्याच्या कायद्याखाली भरपाई मागू शकत होता तो थेट खरेदीदारच. मे १९९९ मध्ये रोशने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर दंड भरला. त्यानंतर दिवाणी तडजोडीला वेळ लागला नाही, तरी अनेक मोठ्या खरेदीदारांनी तीतून अंग काढून घेत स्वतंत्र दावे लावले.

याच कार्टेलमुळे अमेरिकेबाहेरच्या खरेदीदारांचा प्रश्न पुढे आला. इक्वेडोर, युक्रेन, ऑस्ट्रेलिया आणि पनामा येथील कंपन्यांनीही वॉशिंग्टनमध्ये भरपाई मागितली. जून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशात स्वतंत्रपणे झालेले नुकसान शर्मन कायद्यात बसत नाही. परदेशी नुकसानीला अमेरिकी दार बंद होण्याचा अनुभव भारताला फार आधी आला होता. भोपाळच्या वायुपीडितांची वकीलपत्रे गोळा करायला १९८४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी वकील धावत आले, पण १९८६ साली न्यायाधीश जॉन कीनन यांनी तो वाद भारतातच चालावा म्हणून परत पाठवला होता.

मानवी हक्कांच्या बाजूचे दारही हळूहळू मिटत गेले. वर्णद्वेषी राजवटीला साथ दिल्याबद्दल बँका आणि वाहन कंपन्यांवर दक्षिण आफ्रिकेतील पीडितांनी २००२ मध्ये लावलेल्या दाव्यात हाउसफेल्ड होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा चार न्यायमूर्तींनी माघार घेतल्याने गणसंख्याच पूर्ण होईना. काहींकडे प्रतिवादी कंपन्यांचे शेअर होते. त्यामुळे २००८ मध्ये खालचा, वादींना अनुकूल निकाल कायम राहिला. जनरल मोटर्सने पुढे १५ लाख डॉलर देऊन वाद मिटवला. पण २०१३ च्या किओबेल निकालाने परदेशात घडलेल्या कृत्यांसाठी १७८९ चे ते वाक्य वापरण्यावर कडक मर्यादा आल्या आणि उरलेले दावे २०१४ मध्ये फेटाळले गेले.

२००८ च्या अखेरीस भागीदारांनी हाउसफेल्ड यांना जुन्या फर्ममधून बाहेर काढले आणि त्यांनी स्वतःच्या नावाची नवी फर्म उभी केली. खेळाडूंना त्यांच्या प्रतिमेचा मोबदला न देण्याचे संगनमत केल्याबद्दल माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांचा अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेविरुद्धचा दावा २००९ मध्ये तिनेच लावला. व्हिडिओ गेममध्ये आपलीच प्रतिमा पाहून चकित झालेल्या ओबॅनन यांच्या बाजूने न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी २०१४ साली निकाल दिला. त्या वेळी हा प्रश्न खेळाडूंच्या हक्काचा आहे की संगनमताने भाव ठरवण्याचा, हे वेगळे काढणे अवघड होते. लंडनमध्येही या फर्मचे काम सुरू झाले होते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये कार्टेलच्या भरपाईसाठी निर्देश काढला आणि ब्रिटनने ऑक्टोबर २०१५ पासून, जो बाहेर पडत नाही तो आत, अशा सामूहिक दाव्याला मुभा दिली. ही मुभा स्पर्धा कायद्यापुरतीच आहे आणि असे दावे स्पर्धाविषयक अपील न्यायाधिकरणापुढेच चालतात. छळ, सक्तीची मजुरी किंवा प्रदूषणाची भरपाई मागायची तर तिथे आजही प्रत्येक पीडिताला आपले नाव वेगळे नोंदवावे लागते.