आहारशिक्षणातील विदूषक

सर्कशीतल्या कसरती आणि विदूषकाची फजिती यांतून मुलांना सकस खाण्याची गोडी लावण्याची पद्धत. तिला तंबू लागत नाही, जनावरे तर नाहीतच. शाळेचे पटांगण, अंगणवाडीची खोली किंवा देवळाचा सभामंडप पुरतो.

आधुनिक सर्कशीचे रिंगण फिलिप अ‍ॅस्टलीने १७६८ मध्ये लंडनमध्ये आखले. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत आपली सर्कस उभी केली. विदूषक मात्र आपल्याकडे त्याहून कितीतरी जुना, आणि मुळातच खादाड. संस्कृत नाटकातला राजा विरहाने झुरत असतो तेव्हा याचा जीव मोदकांत अडकलेला असतो. गोव्यातल्या मुलांना हसवणारा आणखी एक ओळखीचा आहे, तो म्हणजे जत्रेतल्या दशावतारी काल्यातला, म्हणजे रात्रीच्या लोकनाट्यातला, संकासुर. काळ्या वेशातला, लाल जीभ लोंबवणारा हा असुर आला की पुढे बसलेली पोरे आधी दचकतात आणि मग खदखदून हसतात. चेहरा रंगवलेल्या माणसाकडून चार गोष्टी ऐकून घेण्याची सवय इथल्या मुलांना जत्रेनेच लावलेली आहे.

मुले विदूषकाला भुलतात हे आहारतज्ज्ञांच्या आधी विक्रेत्यांनी ओळखले. मॅकडोनाल्डचा रोनाल्ड हा विदूषक १९६३ मध्ये अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर आला तो बर्गर खपवायला. त्यामुळे या पद्धतीत नवे काही असेल तर ते एवढेच की विदूषकाच्या हातातला माल बदलला.

पद्धतीचा पाया मुलांच्या एका स्वभावात आहे. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मूल अनोळखी पदार्थ तोंडात घ्यायला कचरते. तोच पदार्थ आठ ते पंधरा वेळा, जबरदस्ती न करता समोर आला तर बहुतेकदा तो आवडू लागतो. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ हा घरोघरचा तोडगा उलटा पडतो. मुलाच्या मनात भाजी ही शिक्षाच ठरते आणि चॉकलेटचा भाव वाढतो. विदूषक आमिषही दाखवत नाही आणि उपदेशही करत नाही. त्याला काहीच कळत नाही. तो दुधीला टेलिफोन समजून कानाला लावतो, वांग्याला मुकुट आहे म्हणून मुजरा करतो, आणि समोरची शंभर पोरे ओरडून त्याला दुरुस्त करतात. शिकवणारी मुले, शिकणारा तो. ही अदलाबदल साधली नाही आणि विदूषकच जीवनसत्त्वांवर बोलू लागला, की नाक लाल असूनही तो गुरुजीच होतो.

गोव्यात या खेळाला घरचेच साहित्य मिळते. विदूषकाचा रबरी फुग्याचा भोंगा आणि पोदेराच्या, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा एकच. पडद्यामागे तो ‘पों-पों’ वाजला की मुले पाववाल्याची वाट पाहतात आणि टोपलीतून बाहेर येतो विदूषक. मग पाव, गोल उंडो आणि कोंड्याची पोई या पावाच्या प्रकारांची ओळखपरेड सुरू करायला वेगळे निमित्त लागत नाही. घरात कोकणी आणि शाळेत मराठी, याचाही फायदा होतो. विदूषक काकडी मागतो, मुले म्हणतात ‘तवशें’, आणि दोघे भांडत राहतात. चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या माटोळीमुळे रानातली फळे नावानिशी ओळखणारी मुले गावोगाव आहेत. अशा मुलांपुढे विदूषकाला मुद्दाम चुकावेही लागत नाही.

कसरतींत थाळी फिरवणे सगळ्यांत कामाचे. या थाळीच्या तळाशी मधोमध खळगा असतो. काठीचे टोक आधी थाळीच्या कडेला आतून लावून गरगरवायचे. वेग आला की ते आपसूक खळग्यात सरकते आणि थाळी स्थिर फिरते. विदूषक थाळीत एका बाजूला कापडी लाडू रचतो, थाळी कोसळते. भात, डाळ, भाजी, मासा सभोवती मांडले की टिकते. दुसरा हुकमी खेळ साखर मोजण्याचा. ३०० मिलिलिटर कोलात साधारण ३० ग्रॅम साखर असते. विदूषक सात चमचे एकेक करून ग्लासात टाकतो, मुले मोजतात, आणि पाचव्या चमच्याला हसू थांबते.

याची गरज कागदावरही दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांत रक्तक्षय आढळला. म्हणून तांबडी भाजी, अळसांदे (चवळीचा प्रकार), नाचणीची पेज यांना खेळात मानाचे पान मिळायला हवे. झेलायला लिंबे घ्यावीत ती याचसाठी: लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी अधिक लागते, आणि शेवटचे लिंबू विदूषकाला भाजीवर पिळता येते.

नुसत्या हसण्याने ताट बदलत नाही. चव लगेच मिळावी लागते. माध्यान्ह आहारात प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ५० ग्रॅम भाजीचे प्रमाण ठरलेले आहे. गोव्यात हा आहार स्वयंसाहाय्य गट पुरवतात आणि त्यात पाव-भाजी नेहमीची. खेळ तिच्या आधी अर्धा तास ठेवला तर भाजीत काय काय घातले आहे हे मुले स्वतःच शोधू लागतात.

जाड मुलाचे सोंग काढून हशा मिळवणे हा या प्रकारातला सर्वांत वाईट आणि सर्वांत सोपा विनोद, तो टाळावा. पाश्चात्त्य विदूषकांचा तोंडावर केक फेकण्याचा खेळही इथे चालत नाही, कारण अन्न पायदळी गेलेले पाहून मागे बसलेल्या आज्या उठून जातील. त्यासाठी भाज्या कापडाच्या शिवून घेतात. अगदी लहान मुले रंगवलेल्या चेहऱ्याला घाबरतात. अंगणवाडीत त्यांच्यासमोरच बसून रंग लावावा, आणि लाल नाक आधी एखाद्या पोराच्या हातात द्यावे.