‘भारतभाग्यविधाता’ कोण? एका जुन्या गैरसमजाची पार्श्वभूमी

कलकत्त्यात भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबर १९११ रोजी, रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘जन गण मन’ प्रथम जाहीरपणे गायले गेले. जेमतेम पंधरा दिवसांपूर्वी, १२ डिसेंबरला, दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज यांनी वंगभंग रद्द केल्याची घोषणा केली होती, आणि त्यामुळे बादशहांचे स्वागत करणारा ठरावही त्याच बैठकीत संमत झाला. ठरावानंतर बादशहांच्या गौरवाचे एक गीत झाले. ते हिंदी होते आणि रामभुज चौधरी यांचे होते. ‘अमृतबझार पत्रिके’ने हा क्रम नीट नोंदवला आणि पहिले बंगाली गीत ही ईश्वराची प्रार्थना असल्याचे म्हटले. ‘स्टेट्समन’सारख्या इंग्रजी पत्रांनी मात्र दोन्ही गीतांची गल्लत केली आणि ठाकुरांनी बादशहांच्या स्वागतासाठी खास गीत रचल्याचे छापले. ‘जन गण मन’ हे पंचम जॉर्ज यांच्या स्तुतीसाठी लिहिले गेले, या आजतागायत अधूनमधून डोके वर काढणाऱ्या आरोपाचे मूळ या बातम्यांत आहे.

अर्थात सगळा दोष बातमीदारांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. ‘अधिनायक’, ‘भाग्यविधाता’ आणि शेवटच्या कडव्यातील ‘राजेश्वर’ हे शब्द दरबाराच्या त्या दिवसांत कानांवर पडले, तर ऐकणाऱ्याला सिंहासनावरचा राजा आठवणे अगदीच अस्वाभाविक नव्हते.

स्वतः कवीने याविषयी नोव्हेंबर १९३७मध्ये रवींद्रसाहित्याचे अभ्यासक पुलिनबिहारी सेन यांना सविस्तर लिहिले. सरकारदरबारी वजन असलेल्या एका स्नेह्याने त्यांच्याकडे सम्राटाच्या जयगानाची मागणी केली होती. त्या मागणीने ते चकित झाले, मनातून संतापलेही, आणि त्या संतापाच्या भरातच त्यांनी या गीतात युगानुयुगे भारताच्या रथाचे सारथ्य करणाऱ्या भाग्यविधात्याचा जयघोष केला. तो विधाता पाचवा, सहावा किंवा कोणताही जॉर्ज असूच शकत नाही, हे त्या राजनिष्ठ स्नेह्यालाही कळले होते, असे ते पुढे लिहितात.

कवीचे पत्र क्षणभर बाजूला ठेवले, तरी कवितेत पुरेसा पुरावा आहे, आणि मला तो पत्राहून मोलाचा वाटतो. तिसऱ्या कडव्यात ‘हे चिरसारथि, तव रथचक्रे मुखरित पथ दिनरात्री’ असे संबोधन येते. उत्थान-पतनाच्या वाटेवर युगानुयुगे यात्रेकरूंना नेणारा हा सारथी नुकताच गादीवर आलेला राजा कसा असेल? चौथ्या कडव्यात तर घोर अंधाराच्या रात्री मूर्च्छित देशाला अंकावर घेऊन रक्षण करणाऱ्या या विधात्यालाच ‘स्नेहमयी तुमि माता’ म्हटले आहे. जानेवारी १९१२मध्ये ब्राह्मसमाजाच्या ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त हे गीत ‘भारत-विधाता’ या नावाने आले, तेही ब्रह्मसंगीत, म्हणजे उपासनेचे गीत, म्हणून. ब्राह्मसमाजाच्या उपासनेतली परमेश्वराला हाक मारण्याची पद्धत ज्याला ठाऊक आहे, त्याला हे संबोधन मुळीच परके वाटत नाही.

२४ जानेवारी १९५० रोजी या गीताला राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला, तो पाच कडव्यांपैकी पहिल्या कडव्याला. त्यात प्रांतांची, पर्वतांची आणि नद्यांची नावे आहेत, आपल्याला लहानपणापासून तोंडपाठ असलेला ‘मराठा’ आहे. पण सारथी नाही आणि माताही नाही. त्यामुळे ‘अधिनायक’ कोण, या प्रश्नाचे कवीने गीतातच दिलेले उत्तर ते रोज म्हणणाऱ्या बहुतेकांच्या कानांवर कधी पडतच नाही.