मुलींच्या सुरक्षेच्या कामासाठी सरकारी अनुदान: अर्ज कुठे करायचा, कागद काय लागतात

लैंगिक अत्याचार होऊच नयेत म्हणून शाळांत, वस्त्यांत काम करणाऱ्या छोट्या संस्था मला विचारतात की निर्भया फंडातून पैसे कसे मिळतील. २०१३ ला १००० कोटींनी तो फंड सुरू झाला हे खरं, पण तो पैसा जास्त करून मंत्रालयं आणि राज्य सरकारांच्या योजनांतून खर्च होतो, आपल्यासारख्यांच्या खात्यात थेट येत नाही. पीडित महिलांना एकाच ठिकाणी मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर, महिलांची १८१ हेल्पलाइन हे सगळं केंद्राच्या मिशन शक्ती योजनेत येतं. म्हणून आधी जवळचं बघा.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात आणि जिल्हा परिषदेलाही तसंच बंधन आहे. झेडपीच्या महिला व बालकल्याण समितीच्या योजनांत मुलींना ज्युदो-कराटे, किशोरींना कायद्याची माहिती असे विषय असतात, तेव्हा यंदाच्या यादीत काय आहे ते आधी विचारून घ्या आणि मगच प्रस्ताव लिहा. आणि एक लक्षात ठेवा, झेडपीचा महिला-बालकल्याण विभाग वेगळा आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याचं ऑफिस वेगळं, ते पुण्याच्या आयुक्तालयाखाली येतं. खूप जण एकाचा अर्ज दुसरीकडे देऊन येतात आणि महिनाभर वाट बघत बसतात.

पात्रता म्हणाल तर संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली हवी, संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खातं हवं, आणि बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचं ऑडिट मागतात. केंद्राचा पैसा असेल तर एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून मिळणारा युनिक आयडी लागतोच.

आमचा पहिला प्रस्ताव परत आला तो कामामुळे नाही, कागदामुळे. सचिव बदलल्या होत्या, ठरावावर नव्या ताईंची सही, पण धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या (शेड्युल एक) उताऱ्यावर जुन्याच बाईंचं नाव, कारण बदल झाल्यावर ९० दिवसांत जो चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची माहिती) तिथे द्यायचा तो आमच्या कपाटातच पडून होता. दुसरं म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर मंडळाच्या नावापुढे गावाचं नाव होतं आणि पॅनवर नव्हतं, तेवढ्यावर गाडी अडली. म्हणून अर्ज लिहायच्या आधी प्रमाणपत्र, पॅन, पासबुक आणि उतारा एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर अन् अक्षर जुळवा, खरंच सांगते, अर्धं काम तिथेच होतं.

बाकी कागद म्हणजे घटना आणि नियमावली, कार्यकारिणीचा ठराव, कामाचा अहवाल, खर्चाचं अंदाजपत्रक, आणि याच कामासाठी दुसरीकडून अनुदान घेतलेलं नाही असं लेखी, घेतलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

प्रस्तावात "जनजागृती करू" एवढंच लिहू नका. किती शाळा, कुठली इयत्ता, पालकांची बैठक संध्याकाळी कामावरून आल्यावर घेणार का, हे लिहा. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन करायचं असतं, ते आपल्या प्रशिक्षकांचंही करून जोडा. आणि सेशन चालू असताना एखादी मुलगी काही बोलली तर काय? पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा त्या दिवशी तिच्याजवळ कोण बसेल, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कोण लावेल, समुपदेशनाला कुठे नेणार, हे नावानिशी ठरवा आणि लिहा. मला स्वतःला हेच पान सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पीडित मुलीची गोष्ट, फोटो, पेपरचं कात्रण प्रस्तावाला जोडू नका, प्लीज. चेहरा ब्लर केला तरी गाव, शाळा, आईचं नाव यावरून ती ओळखू येते. पोक्सोचं कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ याला मनाई करतं, आणि कायदा नसता तरी अनुदानासाठी तिचं दुःख फाइलीत लावायचा आपल्याला हक्क नाही.

अर्ज दिला की आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. पैसे आले तर त्यांचा हिशोब वेगळा ठेवा, हजेरीपत्रकं, बिलं त्याच आठवड्यात लावा, कारण शेवटी पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले असं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि ते अडलं की पुढचा हप्ताही अडतो.