सेन्सर बसवला की पाणी आपोआप वाचतं?

गावात इंटरनेट आलं, शेतात ओलावा मोजणारा सेन्सर बसला की पाणी आपोआप वाचतं, हा समज चुकीचा आहे. खरी गफलत बसवतानाच होते. सेन्सरभोवती हवेची पोकळी राहिली तर ओलावा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि मोबाइल बघून आपण जास्तच पाणी देतो. त्या पाण्याबरोबर खतातलं नायट्रेट (पाण्यात विरघळणारं नत्र) मुळांखाली झिरपून भूजलात जातं. खतही वाया, विहीरही दूषित. म्हणून खड्ड्यातलीच माती चाळून, पाण्यात कालवून त्या चिखलात सेन्सर घट्ट बसवा. एक सुमारे 20 सेंमीवर, दुसरा 40 सेंमीवर. खालच्या सेन्सरचा ओलाव्याचा आकडा दर पाळीला चढत असेल तर पाणी कमी करा. सेन्सरच्या ॲपमधली ओलाव्याची तयार मर्यादा तुमच्या मातीची नसते: जमीन पूर्ण भिजवा, हलक्या मातीत 1, भारी मातीत 2-3 दिवसांनी येणारा आकडा हीच वरची मर्यादा धरा.