बटुग्रहांच्या तारापिधानांचे भाकीत

सूर्यमालेच्या कडेला फिरणारा एखादा बटुग्रह दूरच्या ताऱ्यासमोरून नेमका केव्हा जाईल आणि पृथ्वीवरच्या कोणत्या पट्ट्यातून तो तारा झाकलेला दिसेल, हे आगाऊ काढण्याची पद्धत. तारा असा झाकला जाण्याला पिधान म्हणतात. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण समांतर मानता येतात. त्यामुळे बटुग्रहाची सावली जवळपास त्याच्याच आकाराची असते आणि ती सेकंदाला साधारण २० ते २५ किलोमीटर वेगाने पृथ्वीवरून सरकते. या वेगातला मोठा वाटा पृथ्वीच्या स्वतःच्या गतीचा असतो. पट्ट्यात उभ्या असलेल्या निरीक्षकाला तारा जेमतेम मिनीट-दीड मिनीट दिसेनासा होतो. पट्ट्याबाहेरच्याला काहीच घडलेले दिसत नाही.

भाकिताचा सगळा कस कोनाच्या मापनात लागतो. विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग आणि खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्यांतले सरासरी अंतर. एका खगोलीय एककाच्या अंतरावर विकलेचा हजारावा भाग म्हणजे सुमारे ७२५ मीटर. प्लूटो ३५ एककांवर असताना तेवढाच कोन सुमारे २५ किलोमीटरचा होतो आणि ९६ एककांवरच्या एरिस या बटुग्रहासाठी ७० किलोमीटरचा. स्थानात विकलेच्या दहाव्या भागाची चूक राहिली तर प्लूटोची सावली अडीच हजार किलोमीटर सरकते, म्हणजे प्लूटोच्या २,३७७ किलोमीटर व्यासापेक्षाही जास्त. अशा वेळी पूर्ण तयारीनिशी बसलेला निरीक्षक सबंध पट्ट्यालाच मुकतो.

चूक दोन बाजूंनी येते: ताऱ्याच्या स्थानात आणि बटुग्रहाच्या स्थानात. ताऱ्याची बाजू आता बरीचशी सुटली आहे. हिप्पार्कस उपग्रहाची १९९७ साली प्रसिद्ध झालेली सूची अचूक होती, पण तिच्यात तारे होते सुमारे १ लाख १८ हजार, आणि बटुग्रह बहुतेक वेळा त्यांहून कितीतरी अंधुक ताऱ्यांसमोरून जातात. डिसेंबर २०१३मध्ये सोडलेल्या गाया यानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली. त्यांतल्या बहुसंख्य ताऱ्यांची स्थाने, निजगती (आकाशातले त्यांचे स्वतःचे संथ सरकणे) आणि पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरल्याने ताऱ्याच्या जागेत दिसणारा बारीक फरक) मिळाल्याने सूचीच्या वर्षातले स्थान पिधानाच्या रात्रीपर्यंत पुढे आणता येते. या शास्त्राला गायाइतके बळ दुसऱ्या कशानेही दिलेले नाही.

म्हणून आज खरी अडचण बटुग्रहाच्या कक्षेची आहे. प्लूटोला सूर्याभोवती फिरायला २४८ वर्षे लागतात आणि त्याचा शोध लागला १९३० साली. शोधानंतरची त्याची पहिली फेरी अजून पुरी झालेली नाही. एरिसला तर साडेपाचशेहून अधिक वर्षे लागतात. कक्षेच्या छोट्याशा तुकड्यावरून पुढची वाट काढायची, तर जुनी छायाचित्रे शोधून त्यांवरचा ठिपका गायाच्या ताऱ्यांच्या आधाराने नव्याने मोजावा लागतो. शिवाय पिधानाच्या आधीच्या आठवड्यांत आणि दिवसांत ताजी छायाचित्रे घेतात. बटुग्रह आणि तो तारा एकाच चित्रात आले की त्यांच्यातले अंतर थेट मोजता येते आणि दोहोंच्या बऱ्याचशा सामाईक चुका आपोआप वजा होतात.

प्लूटोच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. जमिनीवरच्या पुष्कळ दुर्बिणींतून प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन यांचा मिळून एकच ठिपका दिसतो. पण प्लूटो स्वतः दोघांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती सुमारे २,१०० किलोमीटरवरून ६.४ दिवसांत एक फेरी मारत असतो. मोजलेला ठिपका म्हणजे दोघांच्या एकत्रित प्रकाशाचा मध्य. तो ना प्लूटोचा, ना वस्तुमानकेंद्राचा. ही दुरुस्ती राहिली तर बाकीची सगळी आकडेमोड अचूक असूनही सावली भलत्याच प्रदेशात पडते.

भाकीत किती काटेकोर होऊ शकते, हे ॲरोकॉथच्या उदाहरणात सर्वांत चांगले दिसते. तो बटुग्रह नव्हे, प्लूटोपलीकडचा एक छोटा पिंड; लांबी जेमतेम ३६ किलोमीटर, म्हणजे त्याच्या अंतरावर विकलेच्या हजाराव्या भागाहून किंचितच मोठी. हबल दुर्बिणीची मोजमापे आणि तोवर प्रसिद्ध न झालेली गायाची तारास्थाने एकत्र करून १७ जुलै २०१७चा पट्टा अर्जेंटिनात काढण्यात आला. कोमोदोरो रिवादाविया शहराच्या परिसरात रस्त्यांवरचे दिवे बंद झाले, राष्ट्रीय महामार्गावरची वाहतूक दोन तास थांबवली गेली आणि दुर्बिणींना वारा लागू नये म्हणून ट्रक आडवे लावले. पट्ट्यावर आडव्या रांगेत मांडलेल्या २४ दुर्बिणींपैकी पाचांना तारा मिटलेला दिसला. तेवढ्यावरून त्या पिंडाचा आकार ओळखता आला.

पदरात पडते तेही तसेच मोलाचे असते. प्लूटोला वातावरण असल्याचा निर्णायक पुरावा ९ जून १९८८च्या पिधानाने दिला: तारा एकदम न विझता हळूहळू मंदावला. ६ नोव्हेंबर २०१०ला चिलीतल्या दोन ठिकाणांहून एरिसने तारा झाकलेला दिसला आणि तिचा व्यास सुमारे २,३२६ किलोमीटर ठरला. ती प्लूटोपेक्षा मोठी असल्याची समजूत त्यामुळे मागे पडली. २१ जानेवारी २०१७ला युरोपातल्या दहा वेधशाळांनी हौमेआ या बटुग्रहाभोवतीचे कडे टिपले. तेव्हापासून मुख्य सावलीच्या बाहेर, कडे असू शकेल अशा अंतरावरही निरीक्षक बसवणे अगत्याचे झाले आहे.

पिधान यशस्वी झाले की तारा मिटल्या-उजळल्याच्या क्षणांवरून बटुग्रहाचे त्या वेळचे स्थान साध्या छायाचित्रापेक्षा कितीतरी अचूक मिळते. ते कक्षेच्या गणितात परत घातले की पुढचा पट्टा अरुंद चुकीसह काढता येतो. १९८८पासूनच्या पिधानांमुळे प्लूटोच्या कक्षेला अशीच धार आली. ज्यांना तारा अखंड दिसत राहिला त्यांची नोंदही अचूक वेळेसह गोळा करतात, कारण सावलीची कड कुठल्या बाजूला नव्हती हे तिच्यावरूनच ठरते.