कृष्ण भानजी, बेन किंग्जली आणि मागून आलेले 'सर'

'गांधी' चित्रपटाचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी हमखास सांगतो, "अहो, तो आपलाच. खरं नाव कृष्ण भानजी." हे खरे आहे, पण अर्धेच. गांधींची भूमिका करणाऱ्या बेन किंग्जलीचा जन्म ३१ डिसेंबर १९४३चा, यॉर्कशरमधल्या स्नेन्टन गावचा. वडील गुजराती खोजा (इस्माइली मुस्लिम) समाजातले, पूर्व आफ्रिकेतून इंग्लंडला येऊन डॉक्टर झालेले. आई इंग्लिश. शाळा मँचेस्टरची, आणि रंगभूमीची सुरुवातही तिकडचीच.

नाव का बदलले, हे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. कृष्ण भानजी म्हणून चाचणी दिली तेव्हा काम आवडले, पण येत्या हंगामात तुम्हाला बसवायचे कुठे ते कळत नाही, असे उत्तर मिळाले. नाव बदलून पुन्हा गेला, तर 'कधीपासून येता?' नव्या नावावर वडिलांचीही नाराजी नव्हती. या किश्शात एक तपशील नेहमी गळतो. झांजिबारला मसाल्याचा व्यापार करणाऱ्या आजोबांना लोक 'किंग क्लोव्ह', म्हणजे लवंगांचा राजा म्हणत. किंग्जली आला तो तिथून, आणि 'बेन' हे वडिलांचे कॉलेजातले टोपणनाव. म्हणजे साहेबी वाटणाऱ्या या नावाला वास घरच्याच लवंगेचा आहे. उलट खोजा घरात 'कृष्ण' कसा, असा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या समाजात अशी सरमिसळ जुनीच.

पुढची पंधराएक वर्षे मुख्यतः रंगमंचाची. टीव्हीवर १९६६मध्ये 'कॉरोनेशन स्ट्रीट' या मालिकेत तो दिसला, १९६७मध्ये शेक्सपिअरची नाटके करणाऱ्या मोठ्या मंडळीत दाखल झाला. १९७०चे गाजलेले 'मिडसमर नाइट्स ड्रीम', १९७५चा छोट्या नाट्यगृहातला हॅम्लेट, १९८०चा 'निकोलस निकलबी'. इंग्लंडात नाट्यरसिक त्याला ओळखत होते, आपल्याकडे कोणालाच ठाऊक नव्हता.

म्हणूनच १९८०मध्ये गांधींच्या भूमिकेसाठी हे नाव पुढे आले तेव्हा इथे गदारोळ झाला. त्यात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या होत्या. पहिली पैशाची : परदेशी दिग्दर्शकाच्या चित्रपटात आपल्या सरकारी महामंडळाने कोट्यवधी रुपये का घालावेत, जेव्हा इथले दिग्दर्शक तुटपुंज्या कर्जासाठी खेटे घालतात? ही तक्रार रास्त होती, आजही वाटते. दुसरी नटाची : गांधी परक्याने का करावा? तिला जे उत्तर मिळाले ते मात्र लंगडे होते. 'वडील गुजराती आहेत' म्हणून समजूत काढली गेली. म्हणजे ज्या नावामुळे इंग्लंडात दार बंद झाले, तेच नाव दिल्लीत ओळखपत्र म्हणून दाखवायचे! खरे उत्तर पडद्यावर होते. वजन उतरवणे, योगासने, चरख्यावर सूत काढणे ही मेहनत कोणाच्या रक्तातून येत नाही. नोव्हेंबर १९८० ते मे १९८१ चित्रीकरण चालले. ३१ जानेवारी १९८१ला राजपथावर अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी सुमारे ३ लाख लोक जमले.

आपल्या बाजूने पाहिले तर हा चित्रपट एकट्या किंग्जलीचा नाहीच. कस्तुरबा झालेली पुण्याची अभिनेत्री रोहिणी हट्टंगडी तेव्हा पंचविशीत होती. तिला ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार विभागून मिळाला. गोपाळ कृष्ण गोखले साकारले ते मराठी रंगभूमीवरच्या डॉक्टरांनी, श्रीराम लागूंनी. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्येही चित्रीकरण झाले, जिथे १९४४मध्ये कस्तुरबांनी प्राण सोडले. आणि ११ एप्रिल १९८३च्या रात्री चित्रपटाने ८ ऑस्कर घेतले, त्यात वेशभूषेचे एक कोल्हापूरच्या मुलीच्या, भानू अथैयांच्या हाती आले (तेही विभागून). ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय. तरी आठवण निघते ती किंग्जलीचीच.

त्यानंतर तो कुठेच 'बसला' नाही, आणि हेच त्याच्या कामी आले. १९८५मध्ये रंगमंचावर ऑथेल्लो, १९९३च्या 'शिंडलर्स लिस्ट'मधला ज्यू हिशेबनीस, २०००च्या 'सेक्सी बीस्ट'मधला तोंडाळ लंडनी गुंड, २००१मध्ये टीव्हीवर अ‍ॅन फ्रँकचे वडील, २००३मध्ये इराणी कर्नल, २०१४मध्ये न्यूयॉर्कमधला शीख चालक. ऑस्करसाठी एकूण ४ नामांकने झाली, जिंकले ते एकच. 'तीन पत्ती'त तो अमिताभबरोबर होता, त्याबद्दल मौन बरे.

२००२मध्ये नाइटहुड मिळाली आणि नावाला तिसरा तुकडा जोडला गेला. २००६च्या एका चित्रपटाच्या पोस्टरवर 'सर बेन किंग्जली' असे छापून आले तेव्हा इंग्लंडातल्याच लोकांनी नाके मुरडली. तिथले नट पडद्यावरच्या श्रेयनामावलीत हा किताब सहसा लावत नाहीत.

२०१३च्या 'आयर्न मॅन ३'मध्ये तो मँडरिन नावाचा दहशतवादी झाला. पोशाख पूर्वेकडचा, दाढी लांब, आवाज धमकीचा. चित्रपटाच्या मध्यावर कळते की हा माणूस दहशतवादी नाहीच. लिव्हरपूलचा एक पियक्कड नट आहे, आणि त्याला कोणीतरी पैसे देऊन या भूमिकेसाठी ठेवला आहे.