वीस घोडे पुढे, चौसष्ट मागे

योद्धा राजा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लगेच उधळलेला घोडा आणि उपसलेली तलवार येते. पण बायझेंटाईन साम्राज्य (म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल) 330 ते 1453 एवढं टिकलं (मधे 57 वर्षं राजधानीच हातची गेली होती, ते सोडा) आणि तिथले सगळ्यात खतरनाक बादशहा घोडा उधळू नये म्हणूनच जिवाचं रान करायचे.

निकेफोरस फोकास हा मूळचा सेनापती, 961 मध्ये त्याने क्रीट बेट अरबांकडून परत घेतलं आणि 963 मध्ये गादीवर बसला. त्याच्या नावावर युद्धाचं एक मॅन्युअल आहे आणि त्यात चिलखती घोडदळाची चक्क गणितं आहेत. पहिल्या रांगेत 20 स्वार, दुसरीत 24, तिसरीत 28, असं प्रत्येक रांगेत चार-चार वाढवत बारावीत 64, बेरीज करून बघा, बरोबर 504 येते. म्हणजे पुढून बोथट केलेली पाचरच. एवढी माणसं नसतील तर पुढे 10 पासून सुरू करा, 384 मध्ये काम होतं, हेही त्यानेच लिहिलंय! धनुर्धारी मधोमध, कडेने चिलखतवाले, आणि घोड्यांच्या अंगावर नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) आणि उकळून कडक केलेलं चामडं, पार गुडघ्यापर्यंत.

आणि ही पाचर चालायची दुडक्या चालीनेच. भरधाव सोडलं तर तगडे घोडे पुढे जाणार, मरतुकडे मागे राहणार, रांगा फुटणार आणि मग ते 504 सुटे स्वार उरतात, पाचर नाही. सावकाश येणारी ही लोखंडी भिंत समोरच्याला जास्त घाबरवत असणार असं मला तरी वाटतं.

निकेफोरसला रणांगणावर कुणी मारलं नाही, 969 मध्ये सख्ख्या भाच्याने, जॉन त्झिमिस्केसने, महालातच संपवला. हा भाचाही सेनापती म्हणून जबरदस्तच निघाला, ते एक वेगळंच प्रकरण.

पुढे दुसरा बेसिल बादशहा झाला (976–1025). 986 मध्ये बल्गेरियातून परतताना ट्रेजनच्या खिंडीत त्याची फौज कापली गेली, तो स्वतः जेमतेम निसटला. त्यानंतर गडी पार बदलला. बाकीचे वसंतात निघून उन्हाळा संपता संपता घरी यायचे, हा मात्र थंडी-ऊन काही न बघता काम होईपर्यंत मोहिमेवरच. 995 मध्ये सीरियातल्या अलेप्पो शहराला वेढा पडला तर त्याने सैनिकांना खेचरांवर बसवून अख्खा आशिया मायनर (आजचा तुर्कस्तान) काही दिवसांत पार केला, बरेच जण वाटेतच मागे पडले पण जे पोचले तेवढे बघूनच वेढा उठला.

प्सेलस नावाचा इतिहासकार सांगतो की बेसिलच्या फौजेत कुणी रांग सोडून पुढे धावला आणि शत्रूला लोळवून आला तरी त्याला बक्षीस नाही, उलट शिक्षाच व्हायची.